सैन्य काढा, असे कोण म्हणत होते?

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली. निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्या लोकांनी केलेल्या त्यागाबद्दलचे ते कौतुक होते. ही अर्पणपत्रिका आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच वर्षी ईस्टरच्या रविवारी, १३ एप्रिल १८७३ रोजी, अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात कोलफॅक्स या गावी काय घडले ते मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. वादग्रस्त ठरलेल्या निवडणुकीनंतर आपल्या पक्षाचे अधिकारी जागेवर राहावेत म्हणून तिथले कृष्णवर्णीय नागरिक कचेरीच्या इमारतीत पहारा देत बसले होते. गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने तोफ लावून इमारतीवर हल्ला केला आणि ती पेटवली. जे शरण आले त्यांतल्या पुष्कळांना रात्री कैदेतच गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा साठापासून दीडशेपर्यंत सांगतात. सरकारी सैन्य पोचले तेव्हा सगळे आटोपले होते.

जोतीरावांनी ज्यांचे कौतुक केले ते लोक ढोंगी नव्हते. गुलामगिरी मोडण्यासाठी उत्तरेकडच्या घराघरांतून मुले लढायला गेली आणि लाखांनी मेली. पण गुलामगिरी मोडल्यावर तिथे पहारा किती दिवस द्यायचा, या प्रश्नावर तेच लोक दहा-बारा वर्षांत थकले. २०२१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सैन्य काबूलहून निघाले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत व्हिएतनामची आठवण निघाली. मला मात्र अमेरिकेची ही स्वतःच्याच घरातली जुनी माघार आठवत राहिली. नव्याने उभ्या राहिलेल्या, धडपडणाऱ्या लोकशाहीतून सैन्य काढून घेणे नीतीला धरून आहे का, हा प्रश्न तिच्याइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे मांडला गेला असेल असे मला वाटत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १८६५ साली यादवी युद्ध संपले तेव्हा दक्षिणेत सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. पहिली दोन वर्षे दक्षिणेच्या कायदेमंडळांत जुनेच मळेवाले बसले आणि त्यांनी मुक्त झालेल्यांना पुन्हा बांधून घालणारे कायदे केले. तेव्हा मार्च १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसने दक्षिणेतल्या दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग पाडले, आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार देऊन नव्या राज्यघटना लिहायला लावल्या. या कालखंडाला अमेरिकी इतिहासात ‘पुनर्रचना’ म्हणतात. काल-परवापर्यंत बाजारात विकले जाणारे लोक कायदेमंडळात बसले. सुमारे दोन हजार कृष्णवर्णीय या काळात लहानमोठ्या सार्वजनिक पदांवर आले; त्यांतले सोळा वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये पोचले. साउथ कॅरोलायनात तर कनिष्ठ सभागृहात त्यांचे बहुमत होते. तिथल्या नव्या घटनेत सर्वांसाठी सरकारी शाळांची तरतूद झाली. तिच्यासाठी झटणाऱ्यांत रॉबर्ट स्मॉल्स होता, जो गुलाम असताना १८६२ साली शत्रूची बोटच चार्ल्स्टनच्या बंदरातून पळवून उत्तरेच्या आरमाराला देऊन आला होता. पुढे त्याने आपल्या जुन्या मालकाचे घर विकत घेतले.

(वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेव्हाचा रिपब्लिकन पक्ष हा लिंकनचा, मुक्तिदात्यांचा पक्ष होता, आणि दक्षिणेतला डेमोक्रॅटिक पक्ष जुन्या मळेवाल्यांचा. आजची मांडणी डोक्यात धरून हा इतिहास वाचला की गोंधळ उडतो.)

माझ्या मताचा कणा ज्या गोष्टीवर उभा आहे, ती मतदानाच्या पद्धतीची आहे. त्या काळी अमेरिकेत मतदान गुप्त नव्हते. पक्ष आपापल्या उमेदवारांच्या छापील चिठ्ठ्या वाटत, आणि मतदार ती चिठ्ठी सगळ्यांदेखत पेटीत टाकी. कोणी कोणत्या पक्षाची चिठ्ठी हातात धरली आहे ते दुरूनही कळे. म्हणजे मिसिसिपीतला एखादा मुक्त गुलाम रिपब्लिकन चिठ्ठी घेऊन पेटीकडे चालत जाई तेव्हा जमीनदार, सावकार, दुकानदार आणि रात्री मुखवटे घालून फिरणारे सगळे त्याला पाहत असत. त्याला हे करायला सांगितले होते वॉशिंग्टनच्या सरकारने. तू मत दे, आम्ही आहोत, असे त्या सरकारने कायद्याने, घटनादुरुस्तीने आणि गावात उभ्या असलेल्या निळ्या गणवेशातल्या शिपायाने सांगितले होते. एखाद्याला आडोशातून बाहेर मैदानात बोलवायचे, त्याला शत्रूसमोर उघडे पाडायचे, आणि मग ‘आता तुमचे तुम्ही पाहा’ म्हणायचे, याला धोरणातला बदल म्हणता येत नाही. दिलेला शब्द मोडणे म्हणतात.

सैन्याने काही साधत नव्हते, हा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. त्याला साउथ कॅरोलायनाच्या यॉर्क काउंटीचे उत्तर आहे. १८६६ साली टेनेसीतल्या पुलास्की गावी निघालेली कू क्लक्स क्लान ही गुप्त संघटना १८७० पर्यंत दक्षिणभर पसरली होती. यॉर्क काउंटीत ती इतकी फोफावली होती की स्थानिक न्यायालयात तिच्याविरुद्ध शिक्षा होणे अशक्य झाले, कारण पंच तिचेच. मार्च १८७१ मध्ये सातव्या घोडदळाचा मेजर लुईस मेरिल तिथे पोचला. त्याच्याकडे मोठी फौज नव्हती, पण चिकाटी होती. त्याने महिनोन्महिने साक्षी गोळा केल्या, गुप्त खबरे नेमले, नावानिशी याद्या केल्या. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्या राज्यातल्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पसचा हक्क तहकूब केला आणि अटका सुरू झाल्या. शेकडो पकडले गेले, शेकडो आपण होऊन हजर झाले, म्होरके पळाले. मूठभर शिपाई, एक हट्टी मेजर आणि अ‍ॅटर्नी जनरल अ‍ॅमॉस एकरमनसारखा खटले चालवायला तयार असलेला माणूस एवढ्यावर क्लान मोडली. १८७२ची निवडणूक त्या सबंध काळातली सर्वांत शांत निवडणूक होती. संख्येपेक्षा इच्छाशक्तीचा धाक मोठा असतो, हे मारेकऱ्यांना लगेच कळते. इच्छाशक्ती संपली तर तेही त्यांनाच आधी कळते.

ती संपली कशी, याची कारणे सगळी हलकी नव्हती. १८७३ साली मोठी आर्थिक मंदी आली, कारखाने बंद पडले. दक्षिणेतल्या नव्या सरकारांत लाचलुचपत होती हेही खरे. साउथ कॅरोलायनाच्या कायदेमंडळातल्या उधळपट्टीचे किस्से उत्तरेतली वर्तमानपत्रे चवीने छापत. पण त्याच वर्षांत न्यूयॉर्क शहरात ट्वीड नावाच्या पुढाऱ्याच्या टोळीने लुटीचे सगळे विक्रम मोडले होते, आणि म्हणून न्यूयॉर्कच्या मतदारांचा मताचा हक्क काढून घ्या असे कोणी सुचवले नाही. भ्रष्टाचार गोऱ्यांचा असला तर तो चौकशीचा विषय होई. काळ्यांचा असला की ते नालायकीचे प्रमाण ठरे.

खरा अडचणीचा प्रसंग लुइझियानातला आहे आणि तो टाळून माझी बाजू मांडणे लबाडी होईल. १४ सप्टेंबर १८७४ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर ‘व्हाइट लीग’ या उघडपणे वावरणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या हजारो माणसांनी राज्याच्या पोलिसांचा व नागरी पलटणीचा पराभव केला आणि राज्य सरकार उलथवले. सरकारच्या बाजूने नेतृत्व करीत होता जेम्स लाँगस्ट्रीट, जो यादवी युद्धात दक्षिणेचा नामांकित सेनापती होता! केंद्राचे सैन्य आले तेव्हा तीन दिवसांनी लीगने माघार घेतली, तीही गोळी न झाडता. इथवर सैन्याचे काम निर्विवाद योग्य होते. पण पुढच्या जानेवारीत कायदेमंडळाच्या सभागृहातच ओढाताण झाली, आणि वादग्रस्त जागांवर बसलेल्या पाच डेमोक्रॅटिक सभासदांना जनरल द ट्रॉब्रियांच्या शिपायांनी संगिनीच्या धाकाने बाहेर काढले. हे दृश्य वाईट होते. सभागृहात कोण बसणार हे शिपायाने ठरवावे, हे लोकशाहीवाल्या कोणालाही बोचेल. बॉस्टन-न्यूयॉर्कमध्ये निषेधाच्या सभा झाल्या, आणि त्यांत पूर्वी गुलामगिरीविरुद्ध लढलेले लोकही होते. संगिनीवरची लोकशाही ही लोकशाहीच नव्हे, हा युक्तिवाद त्या दिवसापासून बळावला.

मी त्याकडे असा पाहतो : सभागृहात शिपाई घुसणे चूक होते, आणि मतपेटीपाशी शिपाई उभा असणे आवश्यक होते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत सैन्य निकाल ठरवते. दुसरीत ते निकाल लागू देते. उत्तरेतल्या थकलेल्या लोकांना हा फरक करायचा नव्हता, कारण तो केला असता तर शिपाई ठेवावे लागले असते.

पाठ्यपुस्तकांत माघारीची तारीख एप्रिल १८७७ अशी देतात. माझ्या मते खरी तारीख सप्टेंबर १८७५ आहे आणि जागा मिसिसिपी.

मिसिसिपीचा गव्हर्नर होता अ‍ॅडेलबर्ट एम्स. मेन राज्यातला, युद्धात शौर्यपदक मिळवलेला, पस्तिशी-चाळिशीतला सेनाधिकारी. काळ्यांच्या मतांवर तो निवडून आला होता. ४ सप्टेंबर १८७५ रोजी क्लिंटन गावी रिपब्लिकन पक्षाची मोठी सभा आणि जेवणावळ होती. तिथे गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली. त्यानंतरचे काही दिवस गोऱ्यांच्या टोळ्यांनी आसपासच्या वस्त्यांवर फिरून माणसे टिपली. मेलेल्यांचा अंदाज तीस ते पन्नास असा आहे. घाबरलेली शेकडो कुटुंबे राजधानी जॅक्सनला येऊन पडली. एम्सने वॉशिंग्टनकडे सैन्य मागितले.

ग्रँट तेव्हा न्यू जर्सीच्या समुद्रकिनारी होते. त्यांनी नवा अ‍ॅटर्नी जनरल एडवर्ड्‌स पिअरपाँट याला जे पत्र पाठवले त्यात दोन गोष्टी होत्या. दक्षिणेतल्या या दर शरदातल्या दंग्यांना सगळी जनता कंटाळली आहे, ही एक. आणि शांतता आपोआप राहिली तर बरेच, पण न राहिल्यास जाहीरनामा काढून सैन्य द्यावेच लागेल, ही दुसरी. पिअरपाँटने एम्सला उत्तर धाडताना कंटाळ्याचे वाक्य उतरवून घेतले, दुसऱ्या गोष्टीची धार बोथट केली, आणि आधी तुमच्या बळावर काय ते करून पाहा असा उपदेश जोडला. सरकारी पत्रव्यवहार ज्याने कधी हाताळला आहे त्याला ही कारागिरी ओळखू येईल. वरिष्ठाचे म्हणणे खोटे करायचे नाही, फक्त कापायचे.

ग्रँट यांनी हे का चालवून घेतले, ते जॉन रॉय लिंच यांच्या आठवणींत आहे. लिंच स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले, पुढे मिसिसिपीच्या विधानसभेचे सभापती आणि मग काँग्रेसचे सभासद. निवडणुकीनंतर त्यांनी ग्रँट यांना सरळ विचारले की आमची मागणी का नाकारली? ग्रँट म्हणाले, ओहायोतले आपल्या पक्षाचे पुढारी मला येऊन भेटले होते. मिसिसिपीत सैन्य पाठवले तर ऑक्टोबरमधली ओहायोची निवडणूक हातची जाईल, आणि मिसिसिपी तर कसाही जाणारच आहे, असे त्यांनी सांगितले. ओहायोत त्या वर्षी गव्हर्नरपदाला रिपब्लिकन पक्षातर्फे कोण उभा होता? रदरफर्ड हेज. तो जेमतेम साडेपाच हजार मतांनी निवडून आला, त्या विजयामुळे पुढच्या वर्षी त्याला अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली, आणि १८७७ साली अध्यक्ष होऊन उरलेले सैन्य त्यानेच काढले.

इकडे मिसिसिपीत एम्सने नाइलाजाने नागरी पलटण उभारली. तिच्यातल्या एका तुकडीचा प्रमुख होता चार्ल्स कॉल्डवेल. पूर्वीचा गुलाम, धंद्याने लोहार, १८६८च्या घटनासमितीचा सभासद आणि नंतर राज्याच्या सिनेटचा. ऑक्टोबरमध्ये तो आपली माणसे घेऊन शस्त्रांसह भर रस्त्याने तीसेक मैल चालत गेला आणि परत आला. कोणाची छेड काढायची हिंमत झाली नाही, पण गोऱ्यांनी ते विसरले नाही. पुढे विरोधकांनी शांततेचे आश्वासन दिले आणि एम्सने पलटण बरखास्त केली. नोव्हेंबरात निवडणूक झाली. यॅझू काउंटीत काळ्या मतदारांचे मोठे बहुमत होते. तिथे रिपब्लिकन पक्षाला सात मते पडली. सात!

डिसेंबरच्या अखेरीस, नाताळच्या सुट्टीत, क्लिंटनमध्ये एका ओळखीच्या गोऱ्याने कॉल्डवेलला नाताळचा पेला घेऊ म्हणून दुकानाच्या तळघरात नेले. पेल्याला पेला लागल्याचा आवाज हीच खूण होती. बाहेरून खिडकीतून गोळी आली. मरायचे तर उघड्यावर मरू द्या म्हणून त्याने बाहेर नेण्याची विनंती केली, तेव्हा त्याला रस्त्यावर आणून त्याच्या देहाची चाळण केली. गावात आलेल्या त्याच्या भावालाही मारले. हे सगळे त्याच्या बायकोने, मार्गारेट अ‍ॅन कॉल्डवेल यांनी, पुढच्या वर्षी सिनेटच्या चौकशी समितीपुढे सांगितले. सिनेटर बाउटवेल यांच्या त्या समितीच्या साक्षींचे दोन जाडजूड खंड आहेत. माघारीचे नीतिशास्त्र ज्याला अभ्यासायचे आहे त्याने तत्त्वज्ञांआधी ती बाई वाचावी. सैन्य कधी काढावे यावर तिचे म्हणणे काय असेल हे तिच्या साक्षीत कुठेही लिहिलेले नाही. ते लिहायची गरज नाही.

मार्च १८७६ मध्ये महाभियोगाचा बडगा उगारून एम्सला राजीनामा द्यायला लावले. मिसिसिपीचा कित्ता मग साउथ कॅरोलायनाने गिरवला. जुलैत हॅम्बर्ग गावी काळ्यांच्या नागरी पलटणीतल्या पकडलेल्या माणसांना एकेक करून गोळ्या घातल्या. त्या टोळीत बेन टिलमन नावाचा तरुण जमीनदार होता. पुढे तो गव्हर्नर झाला, सिनेटर झाला आणि हॅम्बर्गची बढाई आयुष्यभर मारत राहिला.

१८७७चा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तोवर खेळ बहुतेक संपला होता. नोव्हेंबर १८७६च्या अध्यक्षीय निवडणुकीत हेज आणि टिल्डन यांच्यातला निकाल वीस प्रातिनिधिक मतांवर अडला. त्यांतली एकोणीस साउथ कॅरोलायना, लुइझियाना आणि फ्लोरिडा या तीन राज्यांची होती. पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात अशा मतांनी सगळी वीसच्या वीस हेजना दिली. दरम्यान वॉशिंग्टनच्या वर्मलीज हॉटेलात दक्षिणेच्या पुढाऱ्यांशी वाटाघाटी झाल्या. ते हॉटेल जेम्स वर्मली या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या मालकीचे होते. साउथ कॅरोलायनात त्या हिवाळ्यात दोन गव्हर्नर आणि दोन विधानसभा होत्या. चार दिवस तर दोन्ही विधानसभा एकाच दालनात, दोन सभापतींसह, एकमेकींकडे दुर्लक्ष करीत बसल्या. १० एप्रिल रोजी दुपारी कोलंबियाच्या राजभवनातले शिपाई बाहेर पडले आणि त्याच शहरातल्या आपल्या बराकीत गेले. एवढीच ती माघार. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर चेंबरलेनने कचेरी वेड हॅम्प्टनच्या हवाली केली. २४ तारखेला न्यू ऑर्लिन्समध्ये तेच झाले आणि पॅकर्डचे सरकार मावळले. ज्या मतमोजणी मंडळाने लुइझियाना हेजच्या पदरात टाकले, त्याच मंडळाने पॅकर्डला गव्हर्नर ठरवले होते. एक निकाल खरा आणि दुसरा खोटा असे धरूनच हेज अध्यक्ष राहू शकत होते.

तरी हेज यांना सगळा दोष देणे मला मान्य नाही. डेमोक्रॅटांच्या हाती असलेल्या कनिष्ठ सभागृहाने त्या मार्चमध्ये सैन्याच्या खर्चाची मंजुरीच अडवली होती; शिपाई आणि अधिकारी कित्येक महिने पगाराविना राहिले. सगळ्या अमेरिकेच्या सैन्यालाच १८७४ पासून पंचवीस हजारांची मर्यादा होती. पुढे निवडणुकीच्या संरक्षणाचे कायदे रद्द करण्याचे डाव हेजनी आपला नकाराधिकार वापरून पुन्हा पुन्हा हाणून पाडले. पण त्यांनी हॅम्प्टन आणि निकोल्स यांच्या तोंडी आश्वासनांवर विश्वास ठेवला. सप्टेंबर १८७७ मध्ये अटलांटात कृष्णवर्णीय श्रोत्यांना त्यांनी सांगितले की तुमचे हक्क केंद्र सरकारपेक्षा इथल्या गोऱ्यांच्या हाती अधिक सुरक्षित राहतील. हे ऐकून श्रोत्यांना काय वाटले असेल!

सैन्य तरी दमले होते का? दक्षिणेतून निघालेल्या त्या वर्षीच जुलैमध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप मोडायला केंद्राचे सैन्य उत्तरेतल्या शहरांत उतरवले गेले. पश्चिमेत नेझ पर्स आदिवासींचा शेकडो मैल पाठलाग झाला, आणि त्या मोहिमेवर होता जनरल ऑलिव्हर हॉवर्ड, जो युद्धानंतर मुक्त गुलामांच्या मदतीसाठी काढलेल्या सरकारी खात्याचा प्रमुख होता. तेव्हा शिपाई नाहीत, पैसा नाही, लोक कंटाळले, ही कारणे ऐकताना मी नेहमी विचारतो की कशासाठी नाहीत?

मग बाहेरच्या सैन्याने कायमच ठाण मांडून बसावे का? नाही. आपल्याच शेजारचे उदाहरण घ्या. बांगलादेश मुक्त झाल्यावर भारतीय सैन्य मार्च १९७२ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांत परत आले, आणि ते अगदी योग्य झाले. तिथल्या सरकारला ते हवे होते, आणि सैन्य गेल्याने ज्यांच्या जिवाला धोका होईल अशा लोकांच्या वतीनेच ते सरकार बोलत होते. मिसिसिपीत, लुइझियानात, साउथ कॅरोलायनात ‘सैन्य काढा’ असे म्हणत होते ते व्हाइट लीगवाले आणि हॅम्प्टनचे लाल शर्टवाले. म्हणजे ज्यांच्यापासून मतदाराला वाचवायचे तेच. निवडून आलेली सरकारे हात जोडून ‘थांबा’ म्हणत होती. मला वाटते, माघारीच्या प्रत्येक वादात सैन्य किती वर्षे राहिले हे मोजण्याआधी ही चौकशी करावी : जा म्हणणारा कोण आहे, आणि गेल्यावर रात्री दार कोणाचे वाजणार आहे? काबूल आणि जॅक्सन एक नाहीत, परक्या देशातले सैन्य आणि आपल्याच देशातले सैन्य यांत मोठे अंतर आहे. पण ज्या मुलींना शाळेत आणि ज्या बायकांना कचेरीत आणून बसवले, त्यांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न तिथेही लागू पडतोच.

दुसरा आक्षेप असा की वेळ दिला असता तरी काय झाले असते? कधी ना कधी सैन्य निघणारच होते. याला उत्तर देताना जपून बोलले पाहिजे, कारण न घडलेल्या इतिहासाचा पुरावा नसतो. मात्र शाळा चालू होत्या, एक पिढी वाचायला शिकत होती, काळ्यांच्या हाती थोडी थोडी जमीन येत होती. अजून वीस वर्षे मतपेटीशी पहारा राहिला असता तर मतदानाची सवय दोन्ही बाजूंना जडली असती, एवढे म्हणणे मला अतिशयोक्त वाटत नाही. काय झाले ते मात्र आकड्यांत आहे. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १८९८च्या नव्या राज्यघटनेनंतर, १९०० साली, ती ५,३२० उरली, आणि १९०४ साली १,३४२.

या गोष्टीचा अर्थ सर्वांत नेमका कोणी ओळखला असेल तर तो बाबासाहेबांनी. ते १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा तिथेच विल्यम डनिंग हे प्राध्यापक होते. पुनर्रचनेचा काळ म्हणजे अडाणी काळ्यांची आणि लुटारू उत्तरवाल्यांची राजवट, ही मांडणी ज्या पंथाने अमेरिकेच्या शाळाशाळांतून रुजवली त्याला डनिंगचेच नाव आहे. १९३५ साली ड्यु बॉइस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ लिहून ती मांडणी उलटी करेपर्यंत तिला मोठे आव्हान असे मिळालेच नव्हते. आंबेडकरांनी मात्र १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात, निग्रोंच्या नशिबी जे आले ते अस्पृश्यांना विसरता येणार नाही असे स्वच्छ लिहिले. लढ्यात वापर करून घ्यायचा आणि तडजोडीच्या वेळी सोडून द्यायचे, हा धोका त्यांना त्या इतिहासात दिसला होता. संरक्षणे आधी आणि लेखी हवीत हा त्यांचा आग्रह कोणाला ताठरपणा वाटला, तर त्याने हॅम्प्टनची तोंडी आश्वासने आठवावीत. पुढच्या वर्षी त्यांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागवली.

एम्स १९३३ पर्यंत जगला. त्याची बदनामी त्याच्याहून जास्त जगली. १९५६ साली जॉन केनेडी या तरुण सिनेटरचे ‘प्रोफाइल्स इन करेज’ हे पुस्तक आले, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि त्यात उत्तरवाल्यांच्या राजवटीचा मिसिसिपीइतका जाच दुसऱ्या कोणत्याही राज्याला झाला नाही असे सांगून एम्सचे नाव दिले होते. एम्सची मुलगी ब्लँच हिने केनेडींना दुरुस्तीसाठी पत्रे लिहिली. दुरुस्ती झाली नाही. ३० सप्टेंबर १९६२ रोजी मिसिसिपीच्या विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळावा म्हणून अध्यक्ष केनेडींना तिथे सैन्य पाठवावे लागले. त्या रात्रीच्या दंगलीत दोन माणसे मेली, आणि एम्सला एका सबंध राज्यासाठी जेवढे शिपाई मिळाले नव्हते त्याच्या कित्येक पट, हजारोंच्या संख्येने, एका विद्यार्थ्यासाठी तिथे उभे राहिले. ब्लँच तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी त्यांनी वडिलांचे चरित्र स्वतःच लिहून प्रसिद्ध केले.